सत्यवतीच्या दाराची कडी

सुलभा उदगीरकर तपासणीला येणार म्हटलं, की हैदराबादेतल्या अपंगांच्या निवासी संस्थांचे व्यवस्थापक सुलतान बाजारातून नव्या चादरी आणत. बाई त्या चादरींकडे ढुंकूनही बघत नसत. हैदराबादच्याच जामबागेत वाढलेल्या या सरकारी बाईंचा हट्ट एकच. प्रत्येक खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं आणि राहणाऱ्या माणसाशी निवांत बोलायचं. बाहेर व्यवस्थापकांना घाम फुटे.

अंबरपेठेतल्या संस्थेत सत्यवती होती. वय बावन्न, चाकांच्या खुर्चीत, पण जिभेला लगाम नाही. तीन वर्षं तिची एकच मागणी: दाराला आतून कडी हवी. कडी होती ती बाहेरून. ती कपडे बदलत असली तरी कुणीही आत शिरे.

"सुरक्षिततेचा प्रश्न आहे, ताई," व्यवस्थापक नामदेवराव म्हणत. "आत काही झालं तर दार उघडणार कोण?"

बाईंनाही ते पटे. दोन अहवालांत त्यांनी 'विचाराधीन' असं लिहून विषय गुंडाळला होता.

यंदा त्या सत्यवतीच्या खोलीत बोलत बसल्या आणि एक वाजला. कर्मचारी जेवायला बसले की सगळ्या खोल्यांना बाहेरून कडी, हा तिथला शिरस्ता. मदतनीस अपर्णानं सवयीनं, आत न डोकावता कडी सरकवली आणि ती डबा उघडायला गेली. बाईंनी दार बडवलं, हाका मारल्या, नामदेवरावांना फोन लावला. तो त्यांच्या टेबलावर एकटाच वाजत राहिला.

"चिल्लाओ नक्को मॅडम," सत्यवती गालातल्या गालात हसली. "दो बजे खोलते. मैं रोज बैठती."

बाईंना आधी हसू आलं आणि मग फार लाज वाटली. बावीस वर्षं तपासण्या करून त्या बाहेरून कडी लावलेल्या खोलीत तासभर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी तिथंच मांडीवर अहवाल लिहिला. बाहेरच्या कड्या आजच निघाव्यात. आतून, खुर्चीवरून हात पुरेल अशी कडी बसवावी. अडचणीत ती बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता यावी. नाहीतर परवाना विसरा.

दोन वाजता दार उघडलं, तेव्हा अपर्णाची बोबडी वळली. बाई अहवाल घेऊन थेट नामदेवरावांकडे गेल्या.

महिन्यानं त्या पुन्हा आल्या. सत्यवतीचं दार बंद होतं. त्यांनी टकटक केली.

"कौन?"

"मैं सुलभा. तपासणीकू आई."

"अब्बी नक्को. दस मिनट ठहरो."

नामदेवराव ओशाळून खिशात नाणं चाचपू लागले. बाईंनी डोळे वटारले, दाराबाहेर खुर्ची ओढून घेतली आणि फॉर्मवर लिहिलं: कडी चालते.