भाग जातो!

गॅस सिलिंडरच्या कारखान्यात ती बावीस वर्षं नंबर ठोकत होती. लोखंडी ठसा टेकवायचा, वर हातोडा घालायचा, की आकडा उमटला. ठोकता ठोकता आकड्यांची फोड करायचा तिला नादच लागला. कशाला भाग जातो, कशाला नाही, सगळं मनातल्या मनात. फोरमन खेकसायचा, “आकडेबाई, नंबर ठोकायचे असतात, वाचायचे नसतात!” ती म्हणायची, “डोळे मिटून ठोकू का मग?”

सातवीनंतर वडिलांनी तिची शाळा सोडवली होती. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

लेकीच्या शाळेत गणिताचं प्रदर्शन होतं. अर्धी सुट्टी टाकून ती कामाच्या कपड्यांतच गेली. भिंतीवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: १०२८९२३९. खाली ओळ होती, ‘ही मूळ संख्या आहे. एक आणि स्वतः सोडून हिला कशानेही भाग जात नाही.’

ती थबकली. बोटं हवेत हलायला लागली. लेकीनं तिचा पदर ओढला. “आई, चल ना, सगळे बघतायत.”

“बघू दे,” ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं, “सर, हिला भाग जातो.”

गणिताचे सर हसले. “अहो ताई, पुस्तकात छापलंय.”

“मग पुस्तक चुकलंय.”

पालकांत खसखस पिकली. सरांचा आवाज चढला. “तुमचं शिक्षण किती?”

“सातवी. पण भाग द्यायला दाखला लागत नाही. खडू द्या.”

सरांनी खडू दिला नाही. तिनं फळ्याखालचा स्वतःच उचलला. “या संख्येच्या लगेच वरचा वर्ग बघा. बत्तीसशे आठचा. १०२९१२६४. त्यातून ही वजा केली की उरतात २०२५. आणि ते कशाचा वर्ग?”

मग मागून लेकीचा आवाज आला. “पंचेचाळीसचा.”

“शाब्बास. म्हणजे बत्तीसशे आठमधून पंचेचाळीस एकदा वजा करायचे, एकदा मिळवायचे. ३१६३ आणि ३२५३. कर गुणाकार.”

मघाशी पदर ओढणारी पोर फळ्यापाशी गेली. तिनं एकेक ओळ मांडली, बेरीज केली. १०२८९२३९. आकडा न आकडा जुळला.

सर म्हणाले, “लागला योगायोगानं.”

“मग दुसरी द्या. आहे मी इथेच.”

सरांनी दुसरी दिली नाही. तक्ता काढायलाही ते तयार नव्हते. म्हणाले, उद्या बघू. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला फळ्यावरचा गुणाकार दाखवू लागली. तासाभरानं मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी कागदावर गुणाकार करून पाहिला आणि तक्त्याची खालची ओळ स्वतःच्या हातानं फाडली.

घरी जाताना लेक म्हणाली, “आई, सरांचं तोंड पाहिलंस?”

“त्यांचं जाऊ दे. दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म कुठे मिळतो, ते विचार.”

नवरा म्हणाला, “या वयात? लोक हसतील.” ती म्हणाली, “त्यांच्या हसण्यावर माझा पेपर तपासणार नाहीत.”

त्रेचाळिसाव्या वर्षी ती परीक्षेला गेली. दारात पर्यवेक्षकानं अडवलं, “पालकांनी बाहेर थांबायचं.”

तिनं हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं आणि आत जाऊन पहिल्या बाकावर बसली.