बारा पस्तीसचा मुहूर्त

वरव्याहून पुण्याला रोज एसटीनं जाऊन-येऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणारीला मैत्रिणी राहतात कुठल्या? वर्गातल्या मुली संध्याकाळी चहाला जायच्या, तेव्हा मी स्टॉपवर उभी. रविवारी त्या पानशेतला भजी खायला जायच्या, तेव्हा मी राहिलेल्या असाइनमेंट उरकत बसलेली. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. गावातल्यांचं वेगळंच. कुणाच्या हळदीला गेले नाही की म्हणायचे, "लई शिकली, आता आमच्यात कशाला बसंल?" दोन्हीकडून बोलणी खायची आणि वर झोप अपुरी. नुसता वैताग.

गावातली एकच मैत्रीण टिकली होती, पहिलीपासूनची. तिचं लग्न ठरलं. तिला बहीण नाही, म्हणून तिनं मला सांगूनच टाकलं, "करवली तू. अक्षता पडताना दिवा घेऊन माझ्या मागं तूच उभं राहायचं." मी हो म्हटलं. मग कळलं, लग्नाच्याच दिवशी, शनिवारी सकाळी माझं प्रॅक्टिकल आणि सोमवारी पेपर. तिच्यापुढंच रडगाणं गायले. आपल्याकडची लग्नं म्हणजे आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचा सत्कार, मग भाषणं, सगळा दिवस त्यातच जातो. मी अभ्यास करू कधी? ती म्हणाली, "बघू की. तू ये फकस्त."

मुहूर्त बारा पस्तीसचा, सारोळ्याजवळच्या कार्यालयात. प्रॅक्टिकलला माझा नंबर पहिल्या बॅचमध्ये होता, म्हणजे वेळेत पोचले असते. पण वर्गातली एक मुलगी काकुळतीला आली. तिला गावची गाडी पकडायची होती, माझा नंबर हवा होता. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून माझ्या शेजारी येऊन बसलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय आमच्या भागात छापलेल्या मुहूर्तावर लग्न लागलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. दोनच्या आत काही अक्षता पडत नाहीत, म्हटलं, आणि दिला नंबर.

दुसऱ्या बॅचला परीक्षक चहाला गेले ते लवकर येईनात. त्यात माझा प्रोग्रॅम चालेना. कसंबसं आटपून कॉलेजच्या बाथरूममध्ये साडी नेसले आणि एसटी गाठली. कात्रजला गाडी अडकली तरी मी निवांत होते. सारोळ्याला उतरले तेव्हा दोन वाजायचे होते.

कार्यालयात पंगत बसलेली. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरले. तेवढ्यात मैत्रिणीची चुलती वाढता वाढता थांबली. "आलीस व्हय? लग्न लागलं की कवाच."

"आणि सत्कार?"

"एक बी न्हाई. पोरीनंच बापाला सांगितलेलं, करवलीचा पेपर हाय, तिला येळंत मोकळं करा. समदे पावणे रुसलेत त्याच्यावर."

"मग मागं कोण उभं राहिलं?"

"कोन न्हाई. तिनं दुसऱ्या कुनाला उभंच राहू दिलं न्हाई. येईल म्हनली ती."

मी स्टेजवर गेले. ती चिडली असती तर परवडलं असतं. तिनं माझा घाईघाईत खोचलेला पदर नीट केला आणि हळूच म्हणाली, "जेव आणि जा घरी. आजचा अर्धा दिवस हाय अजून तुझ्याकडं."