हात दाखव, मुलं किती?

"हात दाखव."

नवीन बाई कामाला आली की मावशी तिला हात धुवायच्या सिंकपाशीच गाठायची. तिचे पंजे आपल्या हातात घ्यायची, उलटेसुलटे करायची, अंगठ्याने तळव्यावरचे घट्टे चाचपायची. मग दुसरा प्रश्न. "मुलं किती? लहान आहेत ना?" समोरची म्हणाली, "एक आहे, गावी," की मावशी तिचा पंजा थोपटून म्हणायची, "पास." आणि एकटीच हसायची. मुलं नाहीत म्हणाली तर, "नापास. घरी जा."

मलाही तिने पास केलं होतं. माझी मुलगी वाईला, माझ्या आईकडे असते. मला वाटलं, बाई जरा सटकलेली आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

आमचं किचन इथे कॅनडात, एटोबिकोला, विमानतळाच्या मागच्या बाजूला. विमानात ट्रेमधून कापलेली फळं देतात ना, ती आम्ही कापतो. मावशी मोरोक्कोची, पन्नाशीला आलेली, वर्क परमिटवर. मी तिला मावशी म्हणायला लागले, तिला ते आवडलं, मग पंजाबी, फिलिपिनो, सगळ्याच बायकांची ती मावशी झाली. खरबूज, अननस, कलिंगड, काय वाटेल ते द्या, तिची सुरी झपाझप चालायची. फक्त स्ट्रॉबेरीला शिवायची नाही. सुपरवायझर खेकसला तरी नाही.

"ॲलर्जी आहे का?" त्याने एकदा विचारलं.

"आहे," मावशी म्हणाली. "स्पेनची."

मी पाचगणीच्या रस्त्याला स्ट्रॉबेरीचे मळे बघत वाढलेली. आमच्या फळाला कुणी असं नाक मुरडलेलं मला कसं चालेल? एकदा ब्रेकमध्ये तिच्या डब्यात मुद्दाम दोन टाकल्या. तिने त्या उचलून टिश्यूवर ठेवल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागली. माझं इंग्रजीही काही लई भारी नाही, त्यामुळे आमचं एकमेकींना नीट कळायचं.

तिच्या गावाजवळ दर वर्षी भरती व्हायची. स्पेनमधल्या मळ्यांवर स्ट्रॉबेरी तोडायला बायका हव्या असत. दोन देशांनी मिळून चालवलेलं काम, त्यामुळे टेबलामागे दोन्हीकडचे साहेब. पुढे बायकांची रांग. साहेब आधी हात बघायचे, शेतात राबलेले आहेत का. मग विचारायचे, मुलं किती, केवढी. लहान मूल असलेलीच बाई घ्यायची. आणि मूल बरोबर न्यायचं नाही, मागे ठेवायचं.

"का पण?" मी विचारलं.

"आई परत येते," मावशी म्हणाली. "एकटी बाई तिथेच राहून जाईल. आई जाऊन जाऊन कुठे जाईल?"

मूल तारण ठेवून घेत होते हो. सोनं ठेवतात तसं. आणि वर त्याला नाव काय, तर दोन शेजारी देशांचं सहकार्य. मी हातातली पोळी डब्यात परत ठेवली.

पहिल्या खेपेला तिचा मुलगा चार वर्षांचा होता. मग दर हंगामाला ती जायची, यायची, आणि आली की तो तिला बघून आजीच्या मागे लपायचा. साथ आली त्या वर्षी सीमा बंद झाल्या. हंगाम संपूनही ती मळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत अडकून पडली. तिचं सरकार घेईना, त्यांचं सरकार ठेवेना.

"फळं नाही अडकली," ती म्हणाली. "ती रोज ट्रकने जात होती."

एकदा तिने मला फोनवर बातमी दाखवली. स्पेन आणि मोरोक्को मधल्या काळात एकमेकांवर रुसले होते, आता पुन्हा गोडी झाली होती. मागे झेंडे, पुढे हसत हात मिळवणारे पुढारी, व्यापार वाढणार म्हणे. मावशीने बोटांनी फोटो मोठा केला.

"हात बघ. किती मऊ. मुलं कुठे ठेवून आलात, असं यांना विचारलं का कुणी?"

आम्ही दोघी हसलो. मग तिने फोन टेबलावर उपडा टाकला आणि डबा न संपवताच उठली.

मळे सोडून मावशी परमिटवर इथे आली, तोवर मुलगा विशीचा झाला होता. त्याला इथे बोलवायचं, महिनाभर जवळ ठेवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. जास्तीचं अंथरूण आणलं, त्याच्यासाठी सेलमध्ये जाड विंटर जाकीट घेऊन ठेवलं. व्हिसा नाकारला. कारण काय, तर आई कॅनडात आहे, तेव्हा मुलगा परत जाईल याची खात्री नाही.

मावशी सिंकपाशी उभी होती. नळ चालूच होता.

"मुलगा मागे आहे म्हणून मला घेतलं," ती म्हणाली. "आता आई इथे आहे म्हणून त्याला घेत नाहीत. बिन्ती, यांना आई आणि मूल एका जागी बघवत का नाही?"

बिन्ती म्हणजे पोरी. मी नळ बंद केला. मला माझा पुण्याचा एजंट आठवला. इथल्या कॉलेजची ॲडमिशन घेताना मी त्याला विचारलं होतं, मुलीला नेता येईल का. "मॅडम, मुलगी मागेच ठेवा," तो म्हणाला होता. "व्हिसाची फाइल स्ट्राँग होते." आणि वर पेढा दिला होता मेल्याने.

पुन्हा अप्लाय कर, वकील बघ, पीआर म्हणजे कायमचं राहायचा परवाना मिळू दे, सगळ्यांनी मावशीला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि परतीचं तिकीट काढलं. शेवटच्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "परमिट सोडून कुणी जातं का?"

"आई जाते," मावशी म्हणाली. "टेबलामागच्या साहेबांना हे चांगलं माहीत होतं."

बॅगेत मावत नव्हतं म्हणून ते जाकीट तिने हातावरच घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात फोटो आला. मुलगा तिच्यापेक्षा हातभर उंच, भर उन्हात ते जाड जाकीट घालून घामाघूम उभा. त्याचा पंजा तिने आपल्या हातात उताणा धरलेला. खाली एकच शब्द होता, "पास."

मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण संताप काही जात नाही. त्या साहेबांचा हिशोब बरोबर निघाला, याचाच संताप.

तिच्या जागेवर आता मी असते. स्ट्रॉबेरीचे क्रेट माझ्यापुढे येतात. मी देठ उडवते, दोन तुकडे करते, ट्रेमध्ये लावते. माझी मुलगी सहा वर्षांची झाली. वाईलाच आहे. माझी फाइल अजून स्ट्राँग आहे.