टॅन्सीचं तिसरं घर

टॅन्सीला परत आणायला ग्लेनिस प्यू दुसऱ्यांदा गाडी काढून निघाली, तेव्हा तिला राग असा आलाच नव्हता. रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते. अडुसष्ट वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून राहून हयात गेलेली. निवृत्तीनंतर तिने बेघर स्पॅनियल कुत्र्यांच्या संस्थेत नाव दिलं होतं. नवं घर मिळेपर्यंत कुत्रं सांभाळायचं, आणि मागणाऱ्यांची घरं पाहून यायची. अकरा वर्षांत एकतीस कुत्री तिच्या हाताखालून गेली. टॅन्सी बत्तिसावी.

टॅन्सी बारा वर्षांची, तपकिरी-पांढरी, एका डोळ्यात मोतीबिंदू, कान कायम वाहणारे. धनी वृद्धाश्रमात गेला आणि ती संस्थेकडे आली. पहिल्या जोडप्याने गालिचा ओला केला म्हणून नऊ दिवसांत परत केली. दुसऱ्या बाईचं स्वतःचं कुत्रं वारलं होतं आणि तिला हुबेहूब तसंच हवं होतं. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, दिसते तशीच, पण वागत नाही. ग्लेनिसने पट्टा हातात घेतला. टॅन्सीने स्वतःला गाडीत चढवू दिलं आणि घर येईपर्यंत मान वर केली नाही.

नवरा इडवल चहा घेऊन दारातच उभा होता.

"आता ठेवून टाक तिला," तो म्हणाला.

"हिला ठेवली तर पुढच्याला कुठे ठेवू? जागा एकाचीच आहे."

"आणि अशी दमून आडवी झालीस तर तुला कुठे ठेवायचं, ते बघितलंस का?"

ग्लेनिस टॅन्सीचे कान पुसायला बसली, आणि चहा नेहमीसारखा गार झाला.

पुढच्याच आठवड्यात संस्थेच्या हेझेलचा फोन आला. रायेडर गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या मेउरिग बेव्हन नावाच्या माणसाने अर्ज केला होता. वय चौऱ्याहत्तर, एकटा, बागेला कुंपण नाही, जन्मात कुत्रं पाळलेलं नाही. नियमात काहीच बसत नव्हतं, पण गृहस्थ तीनदा फोन करून चुकला होता. तेव्हा एकदा जाऊन, त्याचं मन न दुखवता, नाही म्हणून ये, असं हेझेलचं म्हणणं. इडवल दातांच्या डॉक्टरकडे गेलेला, टॅन्सी एकटी राहिली की भुंकून गल्ली डोक्यावर घ्यायची. म्हणून ग्लेनिसने तिलाही बरोबर घेतलं. चार रात्री टॅन्सीचा कान ठणकत होता, आणि तिच्याबरोबर ग्लेनिसही जागी होती.

मेउरिगचं घर रांगेतलं शेवटचं. स्वयंपाकघरात शेगडी तापलेली होती. त्याने चहा दिला, मनुका घातलेला पाव लोणी लावून पुढे ठेवला. ग्लेनिसने अर्ज मांडीवर घेतला आणि एकेक प्रश्न विचारायला लागली. कुत्रं किती वेळ एकटं राहील, गुरांचा डॉक्टर किती लांब. तो सरळ उत्तरं देत होता. कुत्रं का पाळलं नाही कधी? आईला आवडायचं नाही, म्हणाला, आणि पुढे रात्रपाळी आली. ग्लेनिसने "रात्रपाळी" लिहायला घेतलं.

तिने डोळे उघडले तेव्हा अर्ज जमिनीवर होता, पेन बोटांतच होतं आणि पाऊण तास गेला होता. शरमेने तिचे कान तापले. खोलीत कोणी नव्हतं. मागचं दार लोटलेलं होतं. बाहेर पायरीवर मेउरिग कोट घालून बसला होता आणि त्याच्या पायाशी टॅन्सी. पार्सलची गाडी आली तेव्हा ती गुरगुरायला लागली, म्हणून तो तिला हळूच बाहेर घेऊन आला होता.

"मला उठवायचं नाही का?" ग्लेनिस म्हणाली.

"चाळीस वर्षं इस्पितळात वॉर्डबॉय होतो, मिसेस प्यू. स्ट्रेचरवरचं माणूस झोपलं असलं की उंबरासुद्धा जपून ओलांडायचा. झोपलेल्याला उठवायचं काम नर्सचं, माझं नव्हे."

"घोरत होते का मी?"

"दोघीही घोरत होतात."

ग्लेनिस त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. आता खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. तिने सांगून टाकलं की ती नाही म्हणायलाच आली होती.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी गेलो तर हिचं काय, हाच प्रश्न ना? एक भाची आहे. तिचं नाव लिहिलं असतं, पण तिला विचारलं नव्हतं. मग कसं लिहिणार?"

ग्लेनिस आत गेली, अर्ज उचलला आणि धन्यामागे कुत्रं कोण सांभाळेल, या रिकाम्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

हेझेल फोनवर चिडली. वय, कुंपण, सगळे नियम तिने पुन्हा वाचून दाखवले.

"ठीक आहे," ग्लेनिस म्हणाली. "मग टॅन्सी माझ्याकडेच राहील, आणि पुढचं कुत्रं तू तुझ्या घरी ठेव."

शेवटी हेझेल म्हणाली, कुंपण तरी घाला.

कुंपण इडवलने आणि मेउरिगने मिळून घातलं. एका दिवसाच्या कामाला त्यांनी तीन दिवस लावले, आणि खांब वाकडा कोणाचा यावरून वाद घातला. कानात औषध कसं घालायचं ते ग्लेनिसने दाखवलं. पहिल्या दिवशी टॅन्सीने मेउरिगच्या अंगठ्याला दात लावले. दुसऱ्या दिवशी त्याने बाटली आधी मुठीत धरून कोमट केली, आणि तिने चालवून घेतलं.

ग्लेनिसने हेझेलला कळवलं की वसंत ऋतूपर्यंत कोणतंही कुत्रं पाठवू नकोस. कुत्रं घ्यायला ती अकरा वर्षांत पहिल्यांदाच नाही म्हणाली होती. हेझेलने फक्त "बरं" म्हटलं.

महिन्याभराने एका रविवारी ती मेउरिगकडे गेली. टॅन्सी उठून आली, तिचा हात नीट हुंगला, शेपूट हलवली. मग वळली आणि परत जाऊन मेउरिगच्या पावलांवर डोकं टेकून पडली. ग्लेनिसला ते जरासं लागलं. कोट न काढताच ती खुर्चीत बसली आणि मेउरिगने ओतलेला चहा गरम असतानाच पिऊन टाकला.