चेंडू थांबला ते वर्ष

बेरिसो गावातील कालव्याकाठच्या ‘उनिदोस’ फुटबॉल क्लबविषयी जे छापले गेले आहे, ते बरेचसे ताडून पाहावे लागते. स्मरणिकेत स्थापनेचे वर्ष एक आहे, मैदानाच्या कमानीवर दुसरे. संपाच्या हिवाळ्यात कामगारांच्या घरांत मांस शिजलेच नाही, असे स्मरणिका सांगते. स्तेफानिया द्मित्रुक ते ऐकून हसत. “काहीतरीच. आतडी-कोथळा कारखान्याच्या भिंतीवरून यायचा. नाहीतर जगलो असतो का आम्ही?”

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांच्या आठवणी जुळतात. १९६९च्या हिवाळ्यात मांसाच्या कारखान्यातील संप मिटेपर्यंत मैदानावर चेंडू फिरला नाही. संपफोड्यांना क्लबचे सदरे घालून सामने चालू ठेवायचे, असा कारखान्याचा बेत होता. बायकांनी फाटकाला साखळी घातली आणि किल्ली स्तेफानियांच्या एप्रनच्या खिशात गेली.

स्तेफानिया समुद्रापलीकडच्या व्होलिन प्रांतातून आईच्या मांडीवर बसून बोटीने आल्या होत्या. पंधराव्या वर्षी त्या कारखान्याच्या आतडी धुण्याच्या खात्यात लागल्या. त्यांचे पती तेओदोरो शीतगृहात ओझी वाहत आणि रविवारी क्लबचा डावा बचाव सांभाळत. ते गेल्यावर स्तेफानियांनी नदीकडच्या कुंपणाशी चोरिसो, म्हणजे मसालेदार मांसाच्या गुंडाळ्या, भाजण्याची शेगडी मांडली, पुढे तिच्यावर पत्र्याचे छप्पर आले. सारी वस्ती त्यांना आदराने दोन्या स्तेफा म्हणे.

संपाची आठवण क्लबने आपल्या रीतीने जपली. हिवाळ्यातल्या पहिल्या सामन्याआधी चेंडू मधोमध ठेवायचा आणि मिनिटभर त्याला कोणी पाय लावायचा नाही. पाहुण्या संघाचे पाठीराखे ओरडत, “चावत नाही रे तो!” वस्तीला त्याचाही अभिमान वाटे.

१९८६ साली हा अभिमानच अंगाशी आला. बंद पडलेला कारखाना ज्याने विकत घेतला, त्याला मैदानावर मालमोटारींचा तळ करायचा होता. जमीन कागदोपत्री कारखान्याचीच होती, क्लबकडे तिचा कागद नव्हता. जमीन सलग वीस वर्षे मालकासारखी सांभाळल्याचे सिद्ध झाले तरच ती मिळणार होती. खटला लढवणारा रुबेन नाझारियान हा क्लबच्या राखीव संघाचा जुना गोलरक्षक. साक्षीच्या आदल्या आठवड्यात तो अध्यक्ष आन्सेल्मो बेर्तोरांना घेऊन शेगडीपाशी आला.

“दोन्या स्तेफा, संपात एखादा सामना झाला असेल ना? पोरासोरांचा का होईना?”

“नाही झाला.”

“आठवून बघा.”

“तुझ्या आईनं तिथल्या गवतावर भांडी घासलीत. तिला विचार.”

“आईला कोर्टानं बोलावलेलं नाही, तुम्हाला बोलावलंय. मैदान बंद होतं म्हटलं की ताब्यात खंड पडला. तिथून पुढे मोजलं तर वीस वर्षं भरत नाहीत. मग मैदान गेलंच म्हणून समजा.”

स्तेफानियांनी ‘माते’ या कडवट हिरव्या चहाचा प्याला त्याच्या हाती दिला. “गोलात उभा असायचास तेव्हाही तू असाच. चेंडू यायच्या आधीच आडवा.”

आन्सेल्मोंना हसू आले नाही. “एका वाक्यानं मैदान वाचतंय, आणि तुम्हाला आत्ताच खरं बोलायचंय?”

“सामना झाला म्हटलं, तर तुझा बाप त्या वर्षी कशासाठी उपाशी राहिला रे?”

“बाप गेला, दोन्या स्तेफा. पोरं खेळतायत अजून.”

स्तेफानिया निखारे सारत राहिल्या. कोर्टात काय सांगणार, हे त्या दोघांना शेवटपर्यंत कळले नाही.

सुनावणी ला प्लाता येथे झाली. खरेदीदाराच्या वकिलाने आधी चेंडूपुढे मिनिटभर उभे राहण्याची रीत साक्षीदारांकडूनच वदवून घेतली आणि मग स्तेफानियांना विचारले, “म्हणजे त्या हिवाळ्यात मैदान वापरात नव्हतं?”

रुबेनने मान खाली घातली.

“चेंडू नव्हता,” स्तेफानिया म्हणाल्या. “पातेलं होतं. मैदानाच्या मधोमध. रोज शिजायचं, सगळ्या वस्तीचं.”

“पण फाटकाला कुलूप होतं.”

“होतं की. आमचं.”

“मग आत कोणालाच येता येत नसणार.”

“आमची माणसं यायची. कंपनीचा मॅनेजर आला होता किल्ली मागायला, चौकीदार घेऊन. म्हटलं, साहेब, लोकांच्या घरात विचारून शिरावं. किल्ली मिळायची नाही.”

वकील पुढचा प्रश्न शोधत असताना न्यायाधीशांनीच विचारले, “मग त्यांनी काय केलं?”

“गेले. पुन्हा एकदा आले, पुन्हा गेले. नंतर फिरकलेच नाहीत.”

न्यायाधीशांनी लेखनिकाला हे शब्द जसेच्या तसे उतरवायला सांगितले. रुबेनने मान वर केली. जे महिने झाकण्यासाठी तो धडपडत होता, त्याच महिन्यांत जमिनीच्या मालकाला दारातून परत पाठवले गेले होते आणि मालक मुकाट्याने परतला होता. ताब्याचा याहून ठळक पुरावा त्याच्या कागदांत नव्हता.

वकिलाने एक शेवटचा प्रश्न केला. “तुमच्या शेगडीवरचं छप्पर तेव्हा होतं?”

रुबेन खाकरला. स्तेफानियांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

“नाही. ती पट्टी कुंपणाबाहेर होती. तिथे कंपनीच्या गाड्या उभ्या राहायच्या. संप मिटल्यावर आम्ही कुंपण सरकवलं नि छप्पर घातलं.”

पुढच्या वर्षी निकाल लागला. मैदान क्लबला मिळाले आणि वीस वर्षे न भरलेली नदीकडची पट्टी खरेदीदाराला. पत्रे उतरवायला आन्सेल्मो स्वतः आले.

“एवढं एक विसरला असतात तर?”

“त्यानं विचारलं, मी सांगितलं. बोलत काय बसलास, ती बाजू धर.”

दोघांनी शेगडी उचलून आत, कोपऱ्यातल्या झेंड्यालगत ठेवली. लीगच्या नियमात ते बसत नाही. वारा नदीकडून असला की धूर पाहुण्या संघाच्या बाकावर येतो. त्याबद्दल लीगकडे तक्रारी दाखल आहेत. निर्णयाची नोंद सापडत नाही.