सुतारानं गादी टाकली तेव्हा

माझं लग्न झालं तेव्हा आमचा मळा वाशिमच्या वेशीबाहेर होता. वांगी, कांदे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा मोट हाकी, मी आणि सासूबाई वाफ्यांना पाणी देत असू, आणि बाजाराच्या दिवशी टोपल्या घेऊन गावात बसत असू. दुसऱ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. त्या वर्षी गावाला सट्ट्यानं झपाटलं होतं.

नाव कापसाच्या सट्ट्याचं, पण त्यात कापूस कुठंच नव्हता. मुंबईचा भाव तारेनं येई. तो चढेल की पडेल यावर लोक पैसे लावत, आणि मधे बसलेला दलाल आपली दलाली काढून घेई. आधी बाजारात अशा दोन पेढ्या होत्या. मग चार झाल्या, मग तिथली अख्खी गल्लीच भरली. शिंप्यानं मशीनवर चादर टाकली आणि तिच्याशेजारी दलालीची गादी घातली. चामड्याच्या मोटा शिवणारा म्हातारा स्वतः दलाल नव्हता, पण तार आली की ओरडत सांगायचं काम त्याला मिळालं होतं, आणि त्याचा आवाज चांगला होता.

आमचा सुतार सगळ्यात शेवटी त्या गल्लीत गेला. मोटेचं चाक करावं तर त्यानंच, असा त्याचा लौकिक. प्रत्येक नव्या दलालाला लिहायला बैठं मेज लागे, आणि ते सुतार करून देई. चाकांसाठी वाळत घातलेली जुनी बाभूळ त्यानं मेजांत संपवली. इतकी मेजं केल्यावर त्याच्या लक्षात आलं की मेज करणाऱ्यापेक्षा मेजामागं बसणारा जास्त कमावतो. शेवटचं मेज त्यानं स्वतःला केलं आणि लाकूड तासायचा वाकस विकून टाकला.

चैतात आमच्या मोटेचं चाक फुटलं. नवरा सुताराकडं गेला.

"चाकात काय ठेवलं हाय?" सुतार म्हणाला. "आठ दिवस तासा, तवा कुठं चार पैसे भेटते. तू असं कर, कांद्याचे पैसे लाव. भाव चढला की अकोल्याहून लोखंडी चाकच आन."

नवरा घरी आला तो खुशीतच.

"चाक भेटलं?" मी विचारलं.

"लोखंडी येनार हाय."

"कवा?"

"भाव चढला की."

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग वांग्याले सांगून ये बाप्पा, तवरक थांबा म्हना."

वांगी थांबली नाहीत. नवरा दिवसभर गल्लीत तारेची वाट पाहत बसे, आणि आम्ही दोघी दोर टाकून घागरीनं पाणी शेंदत असू. माझ्या हाताची सालं निघाली. पाचव्या दिवशी मी घागर ठेवली आणि सरळ गल्लीत गेले. नवरा सुताराच्या गादीच्या कडेला बसला होता. मला पाहून त्यानं टोपी नीट केली. दुसरं काही सुचलं नसावं.

मी सुतारालाच विचारलं, "दादा, तुमच्या दुकानात कापूस कुठं हाय?"

"इथं कापूस नसते बाई. सौदा असते."

"अन् तुमचा सौदा घेते कोन?"

"समोरचा." समोर शिंपी बसला होता.

"अन् शिंपीदादा कोनाले विकते?"

"कवा कवा मलेच," तो म्हणाला.

पायरीवरची माणसं हसली. नवरा हसला नाही. तो उठला आणि माझ्या मागून घरी आला, चार पावलं अंतर ठेवून. कांद्याचे पैसे अर्धे गेले होते. त्या संध्याकाळपासून तोही पाणी शेंदू लागला, आणि घागर किती जड असते हे आम्हाला सांगू लागला.

शेजारच्या मळ्यांतही हेच चाललं होतं. कुणाचं चाक मोडलं, कुणाची मोट गळत होती, आणि दुरुस्त करणारे सगळे गल्लीत. बाजारात भाजी दिसेना. सुताराची बायको एकदा मळ्यावर आली. चार वांगी हातात घेऊन म्हणाली, "एवढुसं वांगं अन् एवढा भाव? लुटून राह्यल्या तुमी."

"भाव तर तुमच्या घरीच हाये, वयनी," मी म्हटलं. "आमच्याकडं पानी नाही."

ती रागावून गेली. वांगी मात्र घेऊन गेली.

पुढं आखाजीचा सण झाल्यावर दर तारेला भाव पडतच राहिला. भाव पडेल म्हणून पैसे लावून जिंकलेले लोक दलालाकडं पैसे मागायला गेले. दलालानं समोरच्याकडं बोट दाखवलं, समोरच्यानं त्याच्याकडं. आठवड्यात गल्लीतल्या गाद्या गुंडाळल्या गेल्या. गावात पैसाच उरला नव्हता; बरेच दिवस नवं लुगडं कुणी घेतलं नाही, बैलाला कुणी झूल घेतली नाही. ज्यांनी कधी एक पैसा लावला नव्हता, त्यांच्याही टोपल्या भरल्याच परत येऊ लागल्या. आता भाजी थोडीफार होती तर गिऱ्हाईक नव्हतं.

सुतार मळ्यावर आला तो उसना आणलेला वाकस घेऊन. वाळलेलं लाकूड उरलं नव्हतं, म्हणून बांधावरची ओली बाभूळ तोडून त्यानं चाक केलं. हाताची सवय गेली होती. दर थोड्या वेळानं तळहातावर फुंकर घाली. चाक वाकडं फिरायचं आणि एवढं करकरायचं की बैल कान पाडायचे. पण पाणी आलं. ओलं लाकूड वाळून पिळलं तसा तो पुन्हा आला, तिसऱ्यांदाही आला. मजुरी घेतली नाही. सासूबाई त्याला भाकरीवर ठेचा वाढायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "खाय बाप्पा. याले तार लागत नाही." तो खाऊन पुन्हा कामाला लागायचा.

मोटा शिवणारा म्हातारा मात्र लेकाकडं अकोल्याला निघून गेला, आणि त्यानं कुणाला हे काम शिकवलेलं नव्हतं. मग मोट गळू लागली की बैलगाडीत घालून मंगरूळपीरला न्यावी लागे. एक दिवस जायला, एक यायला, आणि तिथं नंबर लागेपर्यंत मुक्काम. नवरा निघताना कुरकुर करी. मी शिदोरी बांधून देई आणि लोखंडी चाकाचं नाव न काढता गप्प राही. ते गप्प राहणं मला फार जड जाई.