मोजणीच्या दिवशीची चूल

नव्या गावठाणाच्या लोकार्पणाची पत्रिका आली. तिचा कागद इतका जाड होता की काकूनं ती तिखटाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. पत्रिकेत मान्यवरांची नावं दाटीवाटीनं बसवलेली होती. काकूचं नाव ना पत्रिकेत होतं, ना प्लॉटच्या यादीत. पत्रिकेचं तिला काही नव्हतं. यादीसाठी मात्र आम्ही तीन वर्षं आर्वीच्या कचेरीत खेटे घालत होतो.

आमचं गाव धरणात गेलं. सरकारी भाषणांत ते असंच 'गेलं' असतं, जणू स्वतःच उठून चालतं झालं. बदल्यात प्रत्येक कुटुंबाला प्लॉट, आणि कुटुंब म्हणजे वेगळी चूल, असं ठरलं. माझ्या काकांच्या माघारी काकू आमच्याच छपराखाली वेगळी राहायची. मधे कुडाची भिंत, अलीकडे आईची चूल, पलीकडे तिची. भांडण नव्हतं, कागदही नव्हता. वेगळं झाल्याचं कचेरीत जाऊन लिहून देणं आमच्याकडे बेअब्रूचं समजतात.

मोजणीचा कारकून आमच्याकडे जेवणार असा निरोप आला, त्या सकाळी काकूनं आपली चूल विझवली, सारवली, तिच्यावर टोपलं पालथं घातलं आणि आईच्या चुलीशी पाटवड्या करायला येऊन बसली. आई काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "पाव्हणा घरात अन् दोन चुली पेटवाच्या? लोक काय म्हणतीन?"

मी सेलूच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. मला ते फार सुंदर वाटलं.

कारकुनानं रस्सा दोनदा मागून घेतला. अशी एकोप्याची घरं आता राहिली नाहीत, असं म्हणत त्यानं पंचनाम्यात 'एक चूल' लिहिलं. कुडापलीकडे तो डोकावलाही नाही. खाली पंच म्हणून माझी सही आहे. न वाचता सही करू नका, असं मी मुलांना सांगतो. मी वाचून केली. मला ते आमच्या घराचं कौतुक वाटलं.

पुढे प्रत्येक अर्जावर उत्तर एकच: मोजणीच्या दिवशी स्वतंत्र चूल आढळली नाही. त्याच कारकुनानं माझी सही मलाच दाखवली. पाटवडीची चव अजून जिभेवर आहे, असंही हसत सांगितलं. म्हणजे चव लक्षात होती. ती रांधणारी बाई मात्र कागदावर कुणाच्या तरी घरातली जादा भांडी होती. जिच्या पायाखालची जमीन घेतली, तिनंच आपण जगत होतो याचा पुरावा आणायचा. घेणाऱ्याला पुरावा कोण मागतो?

लोकार्पणाच्या दिवशी मांडव, गालिचा, स्वागतगीत सगळं होतं. नळाला पाणी तेवढं नव्हतं. पाहुणे यायला दोन तास उशीर झाला. तेवढ्यात काकूनं आमच्या प्लॉटशेजारच्या मोकळ्या जागेत, 'नियोजित उद्यान' या पाटीखाली, तीन विटा मांडल्या आणि चूल पेटवली. पाहुणे मंचावर बसले आणि धूर मांडवात शिरला.

कारकून धावत आला. "बाई, काय करून राह्यल्या इथं?"

"सैंपाक," काकू म्हणाली. "एकटीचा. त्या दिवशी तुमचा मान राखला, भाऊ. आता घ्या लिहून."

त्यानं लिहून घेतलं, पण अतिक्रमणाचा पंचनामा. पंच व्हायला गावातलं कुणी पुढे येईना. मी गेलो. माझी सही त्याच्या ओळखीची होती, त्यानं लगेच कागद दिला. मी वाचला, आणि सहीच्या वर माझ्या अक्षरात एक ओळ घातली: समक्ष पाहिले, सदर महिलेची स्वतंत्र चूल पेटती आढळली.

त्यानं ती दोनदा वाचली. "सर, हे लिहायची काही गरज नव्हती."

"मागच्या वेळी होती," मी म्हणालो, आणि काकूसाठी काड्या गोळा करायला गेलो.